वार्षिक सामुदायिक भोजन आणि प्रमुख वक्ता : बेने इस्रायली मंडळींसाठी अनुभवातून दिलेले उत्तर

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्यातील आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजाच्या सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिराच्या) मंडळाने यंदापासून दरवर्षी एक सामुदायिक भोजन ठेवायचे ठरवले आहे आणि मुंबई, ठाणे, पुणे येथून गावी येणारी मंडळी धरून सुमारे सव्वाशे पाने होतील. त्या दिवशी एखाद्या प्रेरणादायी वक्त्याला बोलवावे अशी सर्वांची इच्छा आहे. परंतु वक्ता कोण असावा, दिवस कोणता धरावा, स्वयंपाक कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांना धरून, कसा राखावा आणि भाषण मराठीत व्हावे की इंग्रजीत, यांवर मंडळात एकमत होत नाही. ठाणे परिसरात अशा भोजनांची व्यवस्था मी गेली बावीस वर्षे पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत आधी क्रमाविषयी सांगतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. मंडळे प्रथम वक्ता ठरवतात, मग त्याच्या सोयीची तारीख धरतात, त्या तारखेला मिळेल तो हॉल घेतात आणि जेवणाचा विचार सर्वांत शेवटी करतात. अशा रीतीने आपण आपल्याच पंगतीत वक्त्याच्या सभेचे श्रोते होऊन बसतो. माझा आग्रह असा की आधी दिवस, मग प्रार्थना आणि पान, मग भाषा ठरवावी, आणि या सगळ्यांत शोभेल असा वक्ता त्यानंतर शोधावा. वक्ता हा त्या संध्याकाळचा पाहुणा असतो. घरात पाहुण्याला आपण जसे आपल्या रीतीने बसवून जेवू घालतो, तसेच त्याला इथेही बसवावे.

आपल्याकडे अशा समारंभाचा पाया आधीच तयार आहे, तो म्हणजे मलिदा. नवस फिटला, मूल झाले, घर घेतले, कोणी आजारातून उठले की एलियाहू हन्नाबी (प्रेषित एलिया) यांच्या नावाने मलिदा करण्याची आपली रीत इतकी जुनी आणि इतकी आपली आहे की वार्षिक भोजनासाठी वेगळी कल्पना उसनी आणण्याचे कारण नाही. भिजवलेले पोहे, खवलेले ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळे आणि सब्जाची डहाळी अशी ताटे मांडून, एलियाहू हन्नाबीचे गीत म्हणून, फळांचे आणि सुवासाचे बेराखोत, म्हणजे आशीर्वचने, ओळीने म्हटले की जमलेली माणसे प्रेक्षक राहत नाहीत. आभार मानणे ही आपल्या समाजाची सर्वांत जुनी सामुदायिक कृती आहे, असे मला वाटते. मुंबईतील पहिले सिनेगॉग, मशीद बंदरचे शाआर हाराहामीम, १७९६ साली उभे राहिले. परंपरा अशी सांगते की ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून जिवंत सुटले आणि त्या सुटकेच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ते बांधले. आपल्या भोजनाच्या मुळाशी हाच भाव ठेवला, तर वक्त्याने काय बोलावे याचीही दिशा आपोआप मिळते.

मलिदा भाषणाच्या आधी ठेवण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे, आणि ते मी एका दुःखद अनुभवातून शिकलो. अनेक वर्षांपूर्वी एका समारंभात प्रमुख पाहुणे विसाव्या मिनिटाऐवजी नव्वदाव्या मिनिटाला थांबले. जेवण नऊला वाढायचे होते, ते साडेदहाला वाढले गेले, आणि मधुमेह असलेले आमचे एक वडीलधारे सदस्य खुर्चीतच घेरी येऊन कोसळले. ते सुदैवाने बरे झाले, परंतु दोष पाहुण्यांचा नव्हता. त्यांना वेळ कोणी स्पष्ट सांगितलेली नव्हती आणि पंगतीतल्या वृद्धांच्या पोटात दुपारपासून काही नव्हते. तेव्हापासून मी संध्याकाळची प्रार्थना, मलिदा, भाषण, हमोत्सी (जेवणाआधीचा भाकरीचा आशीर्वाद), भोजन आणि बिरकत हमाझोन (जेवणानंतरची आभाराची प्रार्थना) हा क्रम कधीही बदलू दिलेला नाही. मलिद्याचे दोन घास आणि एक केळे पोटात गेले की माणसे वीस-पंचवीस मिनिटे शांतपणे ऐकतात. भाषण जेवणानंतर ठेवू नये. कोकणात रात्रीची परतीची वाहने मर्यादित असतात, आणि ताट पुसल्यावर माणसाचे लक्ष घड्याळाकडे जाते.

आता दिवसाविषयी. शनिवारची रात्र सोयीची वाटते, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी असते. परंतु शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा पवित्र दिवस, संपेपर्यंत आपल्या भोजनासाठी चूल पेटवता येत नाही, बाहेरगावच्या मंडळींना निघता येत नाही, आणि आकाशात तीन तारे दिसल्यावर सव्वाशे पानांचा स्वयंपाक सुरू केला तर जेवायला मध्यरात्र होईल. काही मंडळे आचाऱ्याला दुपारीच कामाला लावतात आणि त्याकडे कानाडोळा करतात. जो दिवस आपल्या पूर्वजांनी बाकी पुष्कळ विसरूनही जपला, ज्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवल्यामुळे कोकणात त्यांना शनवार तेली हे नाव पडले, त्याच दिवसाचा भंग करून समाजाचे भोजन करणे मला सर्वस्वी अनुचित वाटते. म्हणून रविवारची संध्याकाळ धरावी. ऋतू हिवाळ्याचा बरा, कारण त्या दिवसांत इस्रायलहून नातेवाईकही येतात आणि अंगणात मांडव घालून बसता येते. हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या आठ दिवसांतला रविवार मिळाला तर दिवे लावण्याचा मान मुलांना देता येतो. शेवाट महिन्याची पंधरावी, म्हणजे झाडांचे नववर्ष, जवळची असेल तर मलिद्याला आणखी अर्थ येतो. मात्र तेवेथ महिन्याच्या दहाव्या तारखेचा उपवास डिसेंबर-जानेवारीतच येतो आणि तो कधी रविवारीही पडतो, म्हणून तारीख छापण्याआधी हिब्रू पंचांग हझानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, दाखवून घ्यावे. ताम्मुझची सतरावी ते आवची नववी या शोकाच्या तीन आठवड्यांत असा समारंभ ठेवू नये, हे आपणांस ठाऊकच असेल.

स्वयंपाकाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, आणि त्यावर मी थोडे विस्ताराने लिहितो. कोशेर म्हणजे केवळ डुक्कर आणि कोळंबी वगळणे, अशी समजूत बाहेरच्या आचाऱ्यांची असते आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. मांस ठेवायचे असेल तर ते शोहेतच्या, म्हणजे धर्मविधीने जनावर कापणाऱ्या जाणकाराच्या, हातून कापलेले हवे, आणि नंतर अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर मिठात ठेवून, तीन वेळा धुतलेले हवे. सव्वाशे पानांसाठी एवढे काम एकट्या शोहेतवर टाकले तर घाई होते आणि घाईत चूक होते. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मांस ठेवले की दूधही सगळीकडून हद्दपार करावे लागते, आणि मराठी स्वयंपाकात दूध किती ठिकाणी लपून बसते हे आचाऱ्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. बिर्याणीच्या मसाल्यात तो दही घालतो, पुलावावर सवयीने तूप सोडतो, कोशिंबीर दह्याची करतो, गोडाला बासुंदी सुचवतो आणि शेवटी दारात दुधाच्या चहाची किटली आणून ठेवतो. एका वर्षी आमचे सगळे पदार्थ निर्दोष झाले होते आणि मटण खाऊन उठलेल्या लोकांना स्वयंसेवकांनीच मोठ्या आस्थेने दुधाचा चहा वाटला. त्यानंतर किटली दारात कोणी ठेवायची आणि तीत काय असायचे, हेही मी कागदावर लिहून देऊ लागलो.

या अडचणीचे उत्तर आपल्या आजी-पणजींनी कधीच शोधून ठेवले आहे, ते म्हणजे नारळ. रस्सा नारळाच्या दुधात करावा आणि गोडासाठी गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात आटवून केलेला चिकाचा हलवा ठेवावा. नवियाच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, घरोघरी होणारा हा हलवा मांसाच्या जेवणानंतरही निःशंकपणे खाता येतो, आणि तो ताटात दिसला की परदेशातून आलेल्या माणसांच्या डोळ्यांत जे दिसते ते कोणत्याही आयात केलेल्या केकने साधत नाही. गोडावर चांदीचा वर्ख लावू देऊ नये. तो पूर्वापार जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत कुटला जात असल्यामुळे त्याची खात्री देता येत नाही. जेलीचेही तसेच आहे, कारण जिलेटिन बहुधा प्राणिज असते.

पहिल्या वर्षी मात्र मांस ठेवूच नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मासे आणि भाज्यांचे जेवण करावे. सुरमई, रावस, बांगडा यांना पर आणि खवले दोन्ही असतात; कोळंबी, खेकडा, माकूल, मुशी आणि शिंगाळा चालत नाहीत. मासा कोळणीकडून खवल्यांसकट घ्यावा आणि मंडळातील जाणत्या बाईने तो पाहिल्यावरच साफ करावा, कारण कापून, सोलून आलेल्या तुकड्याची ओळख पटत नाही. भाजीत फ्लॉवर आणि पालेभाज्या निवडायला भरपूर हात लागतात, कारण अळी राहून चालत नाही. त्यापेक्षा वालाचे बिरडे ठेवावे, ते आपले आहे आणि निर्धोक आहे. अंडी वापरायची असतील तर प्रत्येक अंडे वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना हे पाहावे. भांडी भाड्याने आणू नयेत. सव्वाशे पानांची पातेली एकदा विकत घेऊन सिनेगॉगमध्ये कुलपात ठेवली तर तो खर्च पुढची वीस वर्षे पुरतो. आशीर्वादाच्या पेल्यासाठी द्राक्षारसाची बाटली शोधत मुंबईभर फिरण्याचेही कारण नाही. काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेले शरबत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि त्याची तयारी आदल्या गुरुवारी पाच-सहा स्त्रियांनी एकत्र बसून केली तर भोजनाची सुरुवात तिथेच होते.

आता वक्त्याकडे येतो. आपल्या पत्रात ज्या नावांचा विचार चालू आहे ती वाचली. त्यांत एक उद्योजक, एक दूरचित्रवाणीवरील व्यक्ती आणि एक व्यावसायिक प्रेरक वक्ते आहेत. तिघेही आदरणीय असतील. परंतु त्यांपैकी कोणाचे भाषण ऐकून आपल्या पंगतीतील माणूस घरी जाताना आपल्या आयुष्याविषयी विचार करील का, हा प्रश्न मंडळाने स्वतःला विचारावा. देशात आपण उरलो चार-पाच हजार. बहुतेक घरांतील निम्मी माणसे लोद, अश्दोद, दिमोना किंवा बीरशेबा येथे आहेत. जे इथे राहिले त्यांना एकटेपण आहे. जी तरुण मुले आहेत त्यांच्यापुढे जावे की राहावे हा प्रश्न आहे. आणि गावातील सिनेगॉगमध्ये मिन्यानसाठी, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमतील का, ही चिंता प्रत्येक शब्बाथला आहे. यशाची सात सूत्रे सांगणारे भाषण या माणसांच्या जवळूनही जात नाही.

या पंगतीपुढे बोलायला योग्य माणूस बहुधा जवळच असतो. गावातील कोणी परिचारिका चाळीस वर्षे रात्रपाळी करून निवृत्त झालेली असते. कोणी गृहस्थ पन्नाशीनंतर हिब्रू शिकून आता मुलांना तेफिल्ला, म्हणजे प्रार्थना, शिकवत असतात. एखादी आजी अजून दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी आपल्या सणांची जुनी मराठी नावे सहज उच्चारते आणि प्रत्येक सणाला घरात काय शिजत असे ते सांगू शकते, तर तिच्या नातवाला तेच सण योम किप्पूर, सुक्कोथ आणि तिशा बआव एवढ्याच नावांनी माहीत असतात. मी एका वर्षी अशाच एका आजींना प्रमुख वक्त्या म्हणून बोलावण्याचा प्रस्ताव ठेवला तेव्हा मंडळात बराच विरोध झाला. लोक येणार नाहीत, असे म्हटले गेले. त्या अठरा मिनिटे बोलल्या, बसूनच बोलल्या, आणि नंतर तीन महिने लोक मला त्या भाषणाची ध्वनिफीत मागत होते.

बाहेरचा वक्ता बोलवूच नये असे मी म्हणत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा अवश्य बोलवावा, आणि तो ज्यूच असला पाहिजे असेही नाही. कोकणात ज्या गावांतून आपली घरे गेली, तिथे दफनभूमीच्या भिंतीकडे लक्ष ठेवणारा, सिनेगॉगची किल्ली सांभाळणारा शेजारी कित्येकदा हिंदू किंवा मुसलमान असतो. अशा शेजाऱ्याला शाल-श्रीफळ देऊन खाली बसवू नये. त्याला बोलू द्यावे. आपल्या आजोबांविषयी त्याला जे आठवते ते आपल्याला ठाऊक नसते.

पूर्वजांविषयी बोलणारा अभ्यासक मिळाला तर त्याला एकाच व्यक्तीवर बोलायला सांगावे. डॉ. जेरुशा झिराड यांचेच उदाहरण घ्या. त्या १८९० साली जन्मल्या, सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन वैद्यकीय पदवी घेऊन आल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, आपल्या समाजातील स्त्रियांचे स्त्री मंडळ त्यांनी उभे केले आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या एका आयुष्यावर अर्धा तास अपुरा पडतो. त्याऐवजी वक्ता डॉ. झिराड, मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, कवी निस्सीम इझिकेल आणि नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर अशी नावांची माळ जपत गेला, तर ऐकणाऱ्याला अभिमान वाटतो खरा, पण घरी नेण्यासारखे काही मिळत नाही. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या ई. मोझेस रोडवरून रोज जाणाऱ्या आपल्या मुलांना ते मोझेस कोण होते हे एकदा सविस्तर कळले, तर ती त्या पाटीकडे निराळ्या नजरेने पाहतील.

वक्त्याला निमंत्रणपत्रात तीन गोष्टी लिहून कळवाव्यात : वेळ वीस मिनिटे आहे, श्रोत्यांत आठ वर्षांपासून नव्वद वर्षांपर्यंतची माणसे आहेत, आणि त्यांनी स्वतः पाहिलेला किंवा भोगलेला एक तरी प्रसंग सांगावा. पंधरा दिवस आधी दूरध्वनीवर अर्धा तास बोलावे आणि ते काय सांगणार आहेत हे ऐकून घ्यावे. यात संकोच मानू नये, चांगल्या वक्त्याला ते आवडते. ज्यू नसलेल्या पाहुण्यांना टोपी घालावी लागेल, पानात काय असेल आणि काय नसेल, भोजनाच्या पानातला घास हमोत्सीच्या आधी घ्यायचा नाही, हे प्रेमाने आधीच सांगून ठेवले की प्रत्यक्ष वेळी कोणी अवघडत नाही. त्यांच्या शेजारी सिनेगॉगचे प्रमुख, म्हणजे मुकादम, बसतात, तशी एका तरुण मुलीचीही खुर्ची ठेवावी. प्रार्थनेत काय चालले आहे हे ती हळू आवाजात सांगू शकते.

भाषेविषयी माझे मत ठाम आहे : भाषण मराठीत व्हावे. तरुणांना मराठी कळत नाही, हे म्हणणे मी प्रत्येक बैठकीत ऐकतो. त्यांना छापील मराठी अवघड जाते हे खरे, पण बोललेली मराठी त्यांना कळते, कारण आजी त्यांच्याशी त्याच भाषेत बोलते. पेसाहच्या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली आणि १८७४ साली पुण्यात चित्रांसह निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथांवर आपल्या लोकांनी मराठीत कीर्तने रचून गायली. ज्या समाजाने आपला धर्म या भाषेतून समजून घेतला, त्याने वर्षातील आपल्या एकमेव भोजनाला ती भाषा बाजूला ठेवावी हे मला पटत नाही. इस्रायलहून आलेले वक्ते हिब्रूत किंवा इंग्रजीत बोलणार असतील, तर वाक्यागणिक भाषांतर करू नये, त्याने वेळ दुप्पट होतो आणि बोलण्याची लय तुटते. भाषणाआधी पाच मिनिटांत एखाद्या महाविद्यालयीन मुलाने त्याचा सारांश मराठीत सांगावा. शक्य असेल तर मलिदा आणि भाषण यांच्यामध्ये दहा मिनिटांचे एखादे जुने कीर्तनाचे पद ठेवावे; म्हणणारे आता थोडे राहिले आहेत, आणि त्यांना शोधण्याचे हे उत्तम निमित्त आहे.

पैशांविषयी थोडेच लिहितो. पानाचा दर ठेवावा, पण तो गुप्तपणे माफ करण्याचा अधिकार गब्बायना, म्हणजे सिनेगॉगच्या खजिनदारांना, द्यावा आणि पावत्या सर्वांना सारख्याच द्याव्यात, म्हणजे कोणी फुकट जेवले हे दुसऱ्याला कळत नाही. छप्पर दुरुस्तीच्या निधीचे आवाहन त्या संध्याकाळी करू नये. भाषणाने माणसे भारावलेली असताना हात पसरला की भाषण त्याचसाठी होते असे वाटते. आवाहनाचे पत्र दोन आठवड्यांनी पाठवावे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा उपयोग करून मुलांसाठी कोणत्या योजना घेता येतात हे सांगणारे एक टेबल मात्र दाराशी अवश्य असावे. स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी पूर्वसूचना द्यावी आणि दारावर नावांची यादी घेऊन गावातलाच माणूस उभा करावा. २००८ च्या नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ल्यांनंतर ही काळजी कोणालाही जास्तीची वाटत नाही.

शेवटची सूचना जे येऊ शकणार नाहीत त्यांच्यासाठी आहे. आपल्या यादीत अंथरुणाला खिळलेली, जिना उतरू न शकणारी आठ-दहा माणसे असतीलच. त्यांची पाने हिशेबात पहिल्यांदा धरावीत, शेवटी उरले तर म्हणून नव्हे, आणि हमोत्सी होण्याआधीच त्यांचे डबे भरून बाजूला ठेवावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोहोचवायला मोठ्या मुलांना दोघादोघांनी पाठवावे. डबा दारात देऊन परत फिरायचे नाही, आत जाऊन बसायचे आणि काल रात्री वक्त्यांनी सांगितलेला प्रसंग त्या आजोबांना किंवा आजींना आपल्या शब्दांत सांगायचा, असे मुलांना बजावून सांगावे. या कामासाठी मुलांची नावे भोजनाच्या आधीच ठरवावीत, म्हणजे भाषण चालू असताना ती कान देऊन ऐकतात.